तेल इथे, गळती तिथे : एसयूव्हीच्या हायड्रॉलिक सस्पेन्शनची गळती घरच्या घरी

मेच्या दुसऱ्या आठवड्यात दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, इंदूरला सुदामा नगरात राहतो. "अरे, पोर्चमध्ये मागच्या डाव्या चाकापाशी तेलाचं थारोळं साचलंय. गॅरेजवाला येऊन गेला. वाकून बघितलं आणि म्हणाला, चारही शॉक बदला." सांगितलेला आकडा ऐकून वहिनींनी शॉक बदलण्यापेक्षा गाडीच काढून टाका, असा सल्ला दिला होता. गाडी वीस वर्षांची जुनी जपानी एसयूव्ही. बटण दाबलं की वर उचलली जाते, खाली बसते, आणि दादाचा तिच्यावर जीव.

शॉक चारही ठणठणीत होते. तेल येत होतं ते शॉकच्या चांगलं हातभर पुढे, चेसिसच्या आतल्या बाजूला असलेल्या पाइपच्या एका जोडातून. तिथली ओ-रिंग, म्हणजे जोड बंद ठेवणारी गोल रबरी कडी, वयाने कडक होऊन चिरली होती. तेल पाइपवरून मागे ओघळत यायचं आणि शॉकच्या खालच्या टोकावरून टपकायचं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, म्हणतात तसला प्रकार. दोन सकाळी आम्ही त्यावर घालवल्या. त्यात जे केलं, जे चुकलं आणि जे घरी करूच नये, ते सगळं इथे क्रमाने सांगतो.

तेल आहे की हवा, ते आधी बघा

आपल्याकडे बटणाने वरखाली होणाऱ्या प्रत्येक गाडीला सरसकट "हायड्रॉलिक" म्हणतात. प्रत्यक्षात रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक महागड्या एसयूव्ही, म्हणजे मर्सिडीज जीएलएस, ऑडी क्यू ७, रेंज रोव्हर यांच्यात वर उचलायचं काम हवेचे फुगे करतात. गाडी उचलताना कॉम्प्रेसरची घरघर आणि खाली बसताना सुस्कारा ऐकू आला तर ते हवेचं काम. अशा गाडीखाली तेल दिसलं तर ते शॉकच्या आतलं असेल किंवा भलतीकडचंच; त्याचा उंचीशी संबंध नाही. हवेची गळती साबणाच्या पाण्याने शोधतात. फुग्याच्या घड्यांवर आणि पाइपच्या टोकांवर फेस लावायचा, बुडबुडे धरतील तिथे भोक. या लेखाचा पुढचा भाग अशा गाड्यांसाठी नाही.

तेलाच्या प्रणालीत तेलाची वेगळी टाकी असते, पारदर्शक, बाजूला खुणा असलेली. टोयोटा लँड क्रूझर १०० आणि लेक्सस एलएक्स ४७० या गाड्यांमध्ये १९९८ पासून ही प्रणाली आली, पुढे एलएक्स ५७० मध्येही होती. खालचे आकडे मी याच जातीच्या प्रणालीसाठी देतोय. तुमची गाडी दुसरी असेल तर पद्धत तीच, आकडे तुमच्या पुस्तिकेतले. काही जर्मन गाड्यांच्या प्रणालीत दाब दोनशे बारपर्यंत जातो (बार हे दाबाचं एकक). त्या प्रणालीचा जोड घरी उघडू नका, एवढंच सांगून पुढे जातो.

आत काय चालतं

कल्पना फ्रेंचांची. सिट्रोएन कंपनीने १९५५ मध्ये डीएस नावाच्या गाडीत चारही चाकांना ती दिली, आणि तिच्यामागचा माणूस होता पॉल माजेस. लोखंडी स्प्रिंगऐवजी नायट्रोजन भरलेला गोळा. गोळ्यात रबरी पडदा. पडद्याच्या एका बाजूला नायट्रोजन, दुसऱ्या बाजूला तेल. चाक खड्ड्यात आपटलं की शॉकमधलं तेल गोळ्यात घुसतं, वायू दबतो, पुन्हा फुगतो. पंपाने तेल जास्त ढकललं की गाडी वर, परत टाकीत सोडलं की खाली.

वर सांगितलेल्या जपानी गाड्यांमध्ये चार चाकांना चार गोळे आणि पंपापाशी एक संचायक, म्हणजे दाबाखालचं तेल साठवणारं भांडं असतं. मात्र सगळं वजन तेलावर नाही. एलएक्स ४७० मध्ये पुढे टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेणारे पोलादी दांडे, आणि मागे कॉइल स्प्रिंग अर्धाअधिक भार पेलतात. म्हणून तेल पूर्ण गेलं तरी गाडी पोटावर बसत नाही. खालच्या रबरी ठोकळ्यांवर टेकते आणि बैलगाडीसारखी धडधडत का होईना, चालते.

आता एक गोष्ट, जी दादाच्या गॅरेजवाल्यालाही ठाऊक नसावी. टाकीतली पातळी उतरली म्हणजे बाहेर गळतीच आहे, असं नाही. वर्षानुवर्षांत गोळ्यातला नायट्रोजन पडद्यातून हळूहळू निघून जातो. जितका वायू कमी, तितकं जास्त तेल गोळ्यात मावतं. मग टाकी रिकामी होत जाते आणि जमिनीवर थेंबही दिसत नाही. लोक वरून तेल ओतत राहतात.

याची परीक्षा सोपी आहे. इंजिन चालू ठेवून गाडी सर्वांत खालच्या उंचीवर न्या, टाकीवरची पातळी नोंदवा. मग सर्वांत वरच्या उंचीवर न्या, पुन्हा नोंदवा. या गाड्यांमध्ये गोळे नवे असताना फरक साधारण १४ खुणांचा येतो. ७ किंवा त्याहून कमी आला तर गोळे संपले. दादाच्या गाडीत ११ आला. ठीक.

जिवावर बेतेल ते आधी

हा भाग वाचायचा कंटाळा करू नका, मी लिहिताना केलेला नाही.

साध्या कारच्या टायरमध्ये ३२ पीएसआय हवा असते. या प्रणालीत सामान्य उंचीवर साधारण ७ मेगापास्कल, म्हणजे हजार पीएसआयच्या आसपास दाब असतो. टायरच्या तीसपट. एवढ्या दाबाने सुईएवढ्या भोकातून निघालेली तेलाची चिळकांडी हातमोज्यातून आणि कातडीतून आत जाते. जखम मुंगी चावल्याएवढी दिसते, दुखतही नाही फारसं, आणि आतलं मांस काही तासांत सडायला लागतं. असं काही झालं तर तेल धुऊन घरी बसायचं नाही, तडक रुग्णालयात जायचं आणि "दाबाखालचं तेल आत गेलंय" हे शब्द डॉक्टरांना सांगायचे. म्हणून गळती बोटाने चाचपून शोधायची नाही. कधीच नाही. खोक्याचा पुठ्ठा वापरा. आणि डोळ्यांवर चष्मा, तोही बाजूंनी बंद.

दुसरा धोका वजनाचा. गाडी अडीच टनांची. हवा काढायचा स्क्रू उघडला की तेल निघतं आणि गाडीचं धूड चार-पाच सेंटिमीटर खाली येतं, काही क्षणांत. त्या वेळी तुमचं डोकं चेसिस आणि जमिनीच्या मध्ये, किंवा हात चाक आणि मडगार्डच्या मध्ये असेल तर पुढचं सांगायला नको. बटणाने वर उचललेली गाडी म्हणजे उचललेली गाडी नव्हे. जॅकवर ठेवलेलीही नव्हे. चेसिसखाली घोड्या, म्हणजे भार पेलणारे लोखंडी स्टँड लागतात, किमान तीन-तीन टनांचे, आणि घोडीखाली पेव्हर ब्लॉक असतील तर जाड फळी, नाहीतर पाय रुततो.

गाडी जॅकवर घ्यायच्या आधी उंची नियंत्रणाचं बटण बंद करा. विसरलात तर चाकं लटकल्यावर संगणकाला वाटतं, गाडी फार वर गेली, आणि तो तेल सोडायला लागतो.

नायट्रोजनचा गोळा तापवायचा नाही, ठोकायचा नाही, वेल्डिंग करायचं नाही, भोक पाडायचं नाही. जुना असला तरी आत दाब असतो.

सामान

जॅक, चार घोड्या, चाकांना अडसर म्हणून लाकडी ठोकळे. दहा नंबरचा रिंग पाना हवेच्या स्क्रूसाठी. पाइपच्या नटसाठी फ्लेअर नट पाना, म्हणजे रिंगसारखाच पण एका बाजूने फटीचा. साध्या फिक्स पान्याने हे नट शंभर टक्के गोल होतात. आमचा पहिला नट तसाच गोल झाला. मग सियागंजला जाऊन पाना आणला, जो आधीच आणायला हवा होता. टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोरानेच नट आवळणारा पाना, कोणाकडून तरी मागून आणा.

याशिवाय गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी, लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या, टॅल्कम पावडर, वर्तमानपत्रं, पुठ्ठा, जुनं सुती धोतर, ब्रेक क्लीनरचा एक डबा, व्हर्निअर कॅलिपर.

आणि तेल. इथे काटकसर नको. टोयोटा-लेक्ससच्या या प्रणालीला तिचंच खनिज तेल लागतं, अडीच लिटरचा डबा येतो, नंबर ०८८८६-०१८०५. दुकानदार म्हणेल, "भिया, स्टीअरिंगचं लाल तेल घाला, सगळे घालतात." सगळे घालत असतील. ब्रेक ऑइल तर चुकूनही नको, त्याने सगळे रबरी सील फुगून बाद होतील. डबा उघडला की झाकण घट्ट लावा. इंदूरच्या मेमधल्या धुळीला फट पुरते.

गळती शोधणं

कामाचा तीन चतुर्थांश वेळ इथे जातो आणि जायलाच हवा.

पहिला प्रश्न, हे तेल सस्पेन्शनचंच आहे ना? टाकीतून काडीने एक थेंब काढा, टिश्यू कागदावर ठेवा. शेजारी जमिनीवरचा थेंब ठेवा. रंग, वास, पसरण्याची पद्धत मिळाली पाहिजे. इंजिन ऑइल काळपट असतं. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं, हे विरघळत नाही. मागच्या डिफरन्शिअलच्या, म्हणजे दोन चाकांमधल्या गिअरपेटीच्या तेलाला गंधकासारखा उग्र दर्प असतो, एकदा नाकात गेला की ओळखायला विसरत नाही. आणि मेमध्ये पुढच्या सीटखालच्या भागात जे टपकतं ते बहुधा एसीचं पाणी, त्याच्यावरून घर डोक्यावर घेऊ नका.

मग धुणं. माळव्याची काळी माती ओली असताना लोण्यासारखी चिकटते आणि वाळली की वीट होते. पाइपच्या क्लिपांमध्ये, चेसिसच्या कोनाड्यांत तिचे थर बसतात, तेल त्यात मुरतं आणि सगळंच गळतंय असं वाटतं. इंजिन आणि सायलेन्सर पूर्ण गार असताना खालची बाजू रॉकेलने, मग साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, ब्रेकवर रॉकेल उडू देऊ नका. प्रेशर वॉशर लांबून मारा, वायरींच्या जोडांवर आणि उंची मोजणाऱ्या सेन्सरवर थेट नको. रात्रभर वाळू द्या. आम्ही घाई करून दुपारीच पुढचं काम सुरू केलं आणि पाण्याचे ओघळ तेल समजून तासभर फसलो.

वाळल्यावर संशयित जागांवर टॅल्कम पावडर फुंका. पावडरीवर तेलाची रेघ स्वच्छ उमटते, कुठून सुरू झाली ते दिसतं. वहिनींचा डबा संपला. नवा आणून द्यावा लागला, तोही त्यांच्या ब्रँडचा.

खाली वर्तमानपत्रं अंथरा. आम्ही नई दुनियाचे जुने अंक चिकटवून गाडीच्या आकाराची चादरच केली आणि तिच्यावर चारही चाकांच्या जागा स्केचपेनने आखल्या. गाडी तिच्यावर घ्या. आता कोणीही गाडीखाली नाही अशा वेळी, ड्रायव्हरने उंची खाली, मधली, वर, पुन्हा खाली अशी तीन-चारदा फिरवायची. दोन फेऱ्यांमध्ये पाच मिनिटं थांबा, पंपाची मोटार तापते. शेवटी मधल्या उंचीवर ठेवून इंजिन बंद. दोन तासांनी कागदावरचे डाग बघा, प्रत्येकापुढे वेळ लिहा. रात्रभरात किती मोठे झाले, तेही.

डागावर उभी रेघ कल्पा आणि तिथून वर बघा. वर म्हणजे खरोखर वर, आणि पुढे. चालत्या गाडीत वारा तेलाला मागे ढकलतो, उभ्या गाडीत उतार खाली आणतो. म्हणून गळती डागाच्या मागे जवळजवळ कधीच नसते. बॅटरीचा झोत तिरपा धरला की ओली जागा चमकते. आरसा असेल तर पाइपची वरची बाजू बघा, कारण ती डोळ्यांना दिसत नाही आणि गंज तिथेच धरतो. दाब असताना चिळकांडी आहे का, हे बघायला पुठ्ठा लांबून फिरवा. त्यावर ओली रेघ आली तर तिथेच थांबा, इंजिन बंद.

आम्ही पहिल्या फेरीत शॉकलाच दोषी धरलं होतं. शॉक ओला, शॉकखाली डाग, मग आणखी काय हवं! पण पावडर टाकल्यावर शॉकच्या दांड्यापाशी, जिथून सील गळायला हवा होता, तिथे पावडर कोरडी. ओली रेघ शॉकच्या बाहेरून, वरून खाली येत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तयारी झाली होती.

सापडलं, आता?

परतीच्या मऊ रबरी नळ्या, टाकीपासून पंपापर्यंतच्या, गळत असतील तर नशीबवान आहात. त्यांत दाब नाही. तेल चालेल अशी नवी नळी आणि दोन चांगले क्लिप, काम संपलं.

शॉकच्या दांड्यावर तेलाचा पातळ थर, धूळ चिकटलेला, हा पाझर आहे, तो चालतो. थेंब पडत असेल, खालपर्यंत ओघळ असेल तर शॉक गेला. घरी सील बदलता येत नाही, अख्खा शॉक बदलायचा. जोडीने बदलणं चांगलं, पण एका शॉकसाठी चार कोणी बदलायला लावत असेल तर बाकीचे तीन पावडर टाकून दाखवायला सांगा.

लोखंडी पाइपला गंजाने भोक पडलं असेल तर मन लावून वाचा. तांब्याची नळी घालायची नाही, ती कंपनाने तडकते. एम-सील, वेल्डिंग, ब्रेझिंग, वर रबरी नळी आवळून क्लिप, यांतलं काहीही नाही. मूळ पाइप मिळत नसेल तर सांवेर रोडच्या औद्योगिक भागात किंवा पीथमपूरला जेसीबीचे होज प्रेस करून देतात, तिथे जुना तुकडा दोन्ही टोकांच्या नटसकट घेऊन जा. पाव इंची, दोन तारजाळ्यांचा २एसएन होज मागा. त्याची कामाची क्षमता ४०० बार असते, आपल्याला शंभर पुरतील. आटे मेट्रिक आहेत, हे तीनदा सांगा, कारण तिथे सवय बीएसपी या ब्रिटिश मापाच्या आट्यांची. आणि होज हातात आला की आतून तेलाने धुवा. कापताना पडलेला रबराचा भुगा व्हॉल्व्हमध्ये गेला तर गळतीपेक्षा मोठं दुखणं होईल. होज सायलेन्सर आणि दांडक्यांपासून लांब बांधा.

पंपाच्या अंगातून किंवा व्हॉल्व्हच्या ठोकळ्यातून गळत असेल तर गाडी जाणत्याकडे न्या. त्यांत सूक्ष्म भाग आहेत आणि पोर्च ही जागा नाही.

जोड गळत असेल तर ते घरचं काम. फ्लेअरचा जोड असेल, म्हणजे पाइपचं टोक फाकवून नटने दाबलेलं, तर दाब काढून एकदा ढिला करून पुन्हा योग्य टॉर्कने आवळून बघा. तरी गळला तर फ्लेअरच खराब आहे. आणखी ताकद लावून ती सुधारत नाही, फाटते. आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. इथे सील आटे करत नाहीत, फ्लेअरची बैठक करते. टेपचे धागे मात्र आत जातात.

ओ-रिंग बदलणं

सकाळी सहाला सुरू करा. नऊनंतर पोर्चमधली फरशी तव्यासारखी होते.

गाडी सपाट जागी, पार्किंग ब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळे. गाडी मधल्या उंचीवर असतानाच चेसिसच्या जाड पट्ट्यांखाली घोड्या लावा, चेसिस आणि घोडी यांत बोटभर फट ठेवून. म्हणजे गाडी खाली आली तरी घोडीवर टेकेल, तुमच्यावर नाही. उंचीचं बटण बंद, इंजिन बंद, चावी खिशात. चावी खिशात म्हणजे कामाला बसलेल्याच्या खिशात. मुलांनी मध्येच एसी लावायला गाडी सुरू करू नये म्हणून.

त्या कोपऱ्याच्या हवेच्या स्क्रूचं रबरी टोपण काढा, नळी चढवा, दुसरं टोक बाटलीत. अंग बाहेर ठेवून, फक्त हात आत, स्क्रू पाव फेरा उघडा. तेल जोरात येईल, गाडी खाली येऊन घोडीवर टेकेल, मग धार बारीक होऊन थांबेल. स्क्रू बंद करा. दुसऱ्या बाजूच्या चाकाचंही तसंच करा, कारण डावी-उजवी बाजू व्हॉल्व्हमधून एकमेकींशी जोडलेली असते. बाटलीत किती तेल आलं त्यावर खूण करा. नंतर तेवढंच नवं तेल लागणार आहे. आता दाब गेला. तरी जोड उघडताना आधी त्यावर जुनं धोतर गुंडाळा.

मग गाडी जॅकने नीट उचला, घोड्या वर सरकवा, भार पूर्ण त्यांच्यावर आला की धक्का देऊन बघा. ढळली नाही तरच खाली जा.

जोडाभोवतीची माती ब्रशने काढून ब्रेक क्लीनरने पुसा, मगच नट सोडा. उघड्या टोकांना लगेच प्लास्टिकच्या टोप्या किंवा स्वच्छ पिशवीचा तुकडा आणि रबर बँड.

जुनी ओ-रिंग लाकडी टूथपिकने काढा. स्क्रूड्रायव्हरने खाच ओरखडली तर नवी रिंगही गळणार. आमची रिंग काढताना काचेसारखी कडकन मोडली. जाडी आणि आतला व्यास व्हर्निअरने मोजा. रिंगेसोबत पांढरी टेफ्लॉनची चकती असेल तर ती कोणत्या बाजूला आहे ते लिहून ठेवा. ती दाबाच्या विरुद्ध बाजूला बसते आणि रिंगेला फटीत घुसू देत नाही.

नवी रिंग मूळ मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर नायट्राइल रबराची, म्हणजे दुकानात एनबीआर म्हणतात ती घ्या. इथे फसगत होते. ब्रेकच्या कामातली रबरं ईपीडीएमची असतात. ती ब्रेक ऑइलमध्ये छान टिकतात आणि खनिज तेलात फुगून भज्यासारखी होतात. दिसायला दोन्ही काळ्याच. म्हणून दोन रिंगा जास्त घ्या आणि एक दिवसभर याच तेलात बुडवून ठेवा. संध्याकाळी मोजा. फुगली असेल तर बाकीच्या दुकानदाराला परत. आमचा पहिला दिवस असाच परीक्षेत गेला, आणि पहिल्या दुकानाची रिंग नापास झाली.

रिंगेला नवं तेल चोळून, पीळ न पडता बसवा. नट आधी हाताने पूर्ण आत गेला पाहिजे. दोन आट्यांनंतर अडला तर वाकडा बसलाय, मागे घ्या. शेवटी पुस्तिकेतल्या टॉर्कने. जोड, पाइप, आजूबाजू ब्रेक क्लीनरने लख्ख पुसा, नाहीतर तपासणीच्या वेळी जुनं तेल नवी गळती भासेल. ब्रेकच्या डिस्कवर तेल उडालं असेल तर तीही पुसा. पॅडने तेल प्यायलं असेल तर पॅड बदला, धुऊन भागत नाही.

तेल भरणं आणि हवा काढणं

गाडी घोड्यांवरून उतरवून चाकांवर घ्या. टाकी वरच्या खुणेपर्यंत भरा, बारीक जाळीच्या गाळणीतून. बाटलीतलं काढलेलं तेल परत ओतायचं नाही. उंचीचं बटण चालू, इंजिन चालू, गाडी मधल्या उंचीवर येऊ द्या. टाकीवर एका माणसाची नजर हवी. टाकी रिकामी झाली की पंप हवा ओढतो, आणि मग ती काढत बसा.

पंप काही वेळ चालूनही गाडी उचलली नाही तर संगणक तो बंद करतो. अशा वेळी सी१७६२ हा दाबाविषयीचा कोड दिसू शकतो. घाबरू नका, पण हट्टही नको. इंजिन बंद, दहा मिनिटं, टाकी बघा, पुन्हा.

ब्रेकमध्ये पायाने दाब देऊन हवा काढतात. इथे तसं नाही. गाडीच्या वजनाचा आणि वायूचा दाबच तेल बाहेर ढकलतो. गाडी मधल्या उंचीवर आली की इंजिन बंद, बटण बंद, घोड्या पुन्हा बोटभर फटीने. स्क्रूला नळी, नळीचं टोक बाटलीतल्या तेलात बुडलेलं. स्क्रू हळू उघडा. बुडबुडे येतील, मग बुडबुडेवाली पांढुरकी धार, मग स्वच्छ. धार पूर्ण थांबायच्या आत स्क्रू बंद, म्हणजे हवा उलटी आत जात नाही. घोड्या काढा, टाकी भरा, इंजिन सुरू करून गाडी उचला, पुन्हा घोड्या, पुन्हा स्क्रू. बुडबुडे बंद होईपर्यंत. आम्हाला मागच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन फेऱ्या लागल्या. सगळ्याच प्रणालीचं तेल बदलत असाल तर आधी पुढची दोन चाकं, मग मागची, शेवटी संचायक. पुस्तिकेत दुसरा क्रम असेल तर तो पाळा. स्क्रू हलका आवळा, तो छोटा आहे, मान मोडली तर दिवस मोडला.

पातळी शेवटी बघायची ती मधल्या उंचीवर. उन्हात तापलेली गाडी आणि पहाटेची गाडी यांत फरक दिसतो, म्हणून नोंद नेहमी एकाच वेळी घ्या.

तपासणी

चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा. लँड क्रूझर १०० आणि एलएक्स ४७० मध्ये मधल्या उंचीवर पुढे साधारण ५० सेंटिमीटर, मागे ५२. डावी-उजवी एक सेंटिमीटरहून जास्त वेगळी नको. मग गाडी न हलवता खाली-वर चार फेऱ्या, खाली नवी वर्तमानपत्रं, जोडावर ताजी पावडर.

कोरडं असेल तर रस्त्यावर. आधी कॉलनीत, स्पीड ब्रेकरवरून. मग खंडवा रोडने सिमरोलच्या घाटापर्यंत. घाटातली वळणं आणि ट्रकांनी केलेल्या लाटा, सस्पेन्शनच्या परीक्षेला याहून चांगला पेपर नाही. गाडी एका बाजूला झुकते का, ठोकल्यासारखा आवाज येतो का, ब्रेक लावताना नाक जास्त वाकतं का. परत आल्यावर सायलेन्सर गार होऊ द्या, मग खाली बघा. टाकीची पातळी दुसऱ्या दिवशी पहाटे, आणि मग दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा.

काढलेल्या तेलाचं काय, हा प्रश्न इंदूरमध्ये तरी टाळता येत नाही. कचरा गाडी दारात येते, ओला-सुका-घातक असं वेगळं मागते, आणि शेजारी बघत असतात. गटारात ओतायचा विचारही नको. तेल बाटल्यांत भरून झाकण लावून ठेवलं आणि वापरलेलं इंजिन ऑइल गोळा करणाऱ्याला दिलं. तेलाने भिजलेली वर्तमानपत्रं आणि धोतर वेगळ्या पिशवीत, घातक कचऱ्यात.

चौथ्या दिवशी सकाळी दादाने फोटो पाठवला. वर्तमानपत्राची चादर, मधोमध एक गोल ओला डाग, खाली प्रश्नचिन्ह. मी म्हटलं, बोट लावून वास घे. अर्ध्या मिनिटाने उत्तर आलं, "एसीचं पाणी."